न हलणारा ढग



आमच्या खात्यातला माणूस लिहायला बसला की तुम्हाला वाटते, आता करपा, खोडकिडा, नाहीतर युरियाची मात्रा. तसे वाटणे साहजिक आहे. तीस वर्षे गावोगाव मी तेच बोलत आलो. आज मात्र एका वेगळ्या शेताची गोष्ट सांगणार आहे. हे शेत आभाळात आहे. तिथेही राब आहे, आवण आहे, नासाडी आहे, आणि कणगीतले दाणे संपण्याची काळजीसुद्धा आहे. गोष्ट शेवटी आपल्याच बांधावर येते, तेवढा धीर धरा.

आमचे घर खालापूर तालुक्यात शिळफाट्याजवळ. बोरघाट उतरलेला जुना मुंबई-पुणे रस्ता खोपोलीतून इथे येतो. रस्त्यापासून आत आमची भाताची चार खाचरे होती. ‘होती’ असे का लिहिले ते पुढे येईलच.

१९९० साल असेल. मी दापोलीला कृषी महाविद्यालयात शिकत होतो. मार्गशीर्षात दोन दिवस घरी आलो तेव्हा झोडणी चालू होती. रात्री भाताची राखण करायला बाबा खळ्यावर झोपत. मीही घोंगडी घेऊन गेलो. अमावास्या जवळ होती, वीज गेलेली, घाटात चढणाऱ्या ट्रकांचे दिवे तेवढे लांबून दिसत. आभाळ मात्र ताऱ्यांनी खच्चून भरलेले होते.

बाबांना घड्याळाची गरज नसे. कृत्तिकांचा घोस कुठवर आला ते पाहून ते वेळ सांगत. त्या रात्री मृग चांगला वर आला होता. मृगाचे चार पाय आणि मधले ओळीतले तीन तारे तुम्हा सर्वांना ठाऊक आहेत. त्या तीन ताऱ्यांना बाबा तिकांडं म्हणत. त्यांनी मला विचारले, “तिकांड्याच्या खाली बारीक बारीक तारे हायत ना, त्यातला मधला असा धुरकट का दिसतो रे? बाकीचे कसे लखलख करतात.”

मी नवा नवा शिकलेला. नक्षत्रांवर पेरणी करणे ही जुनी समजूत, आता हवामानखाते आहे, असे घरात ठासून सांगणारा. मी वर न बघताच म्हणालो, “ढग असंल एखादा.”

बाबा थोडा वेळ गप्प राहिले. मग म्हणाले, “ढग हलतो. ह्यो मी लहानपणापासनं बघतोय, जागचा हलला नाय.”

मी कूस बदलून झोपलो. पुढे त्यांनी कधी विचारले नाही आणि मीही कधी काढले नाही. २०११ साली बाबा गेले.

२०१९ च्या फेब्रुवारीत आमच्याकडच्या काही शेतकऱ्यांना घेऊन मी जुन्नर तालुक्यात नारायणगावकडे गेलो होतो. टोमॅटोचे आणि द्राक्षांचे मळे पाहायचे, बाजार पाहायचा, एवढाच बेत. जवळच खोडद गाव आहे. तिथे शेतांच्या मध्ये आभाळाकडे तोंड केलेल्या प्रचंड तबकड्या उभ्या आहेत. ही जगातल्या मोठ्या रेडिओ दुर्बिणींपैकी एक. तिला जीएमआरटी म्हणतात. मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेच्या पुण्यातल्या केंद्राने ती उभारली. तिची कल्पना डॉ. गोविंद स्वरूप यांची. हे थोर शास्त्रज्ञ २०२० च्या सप्टेंबरात वारले. एकेक तबकडी ४५ मीटर रुंद, म्हणजे गुंठ्यात सांगायचे तर सुमारे सोळा गुंठ्यांची. अशा ३० तबकड्या सुमारे २५ किलोमीटरच्या टापूत पसरल्या आहेत. त्यांतल्या १४ खोडदजवळ एकत्र आहेत आणि बाकीच्या तीन दिशांना रांगेने गेल्या आहेत. जवळ गेल्यावर दिसते, की तबकडी पत्र्याची नाही, बारीक तारेच्या जाळीची आहे. वारा आरपार जातो, त्यामुळे सांगाडा हलका आणि स्वस्त झाला. कमी खर्चात मोठे काम कसे करावे हे शेतकऱ्याने पाहून यावे, असे ते यंत्र आहे.

२८ फेब्रुवारीला राष्ट्रीय विज्ञान दिनाला तिथे प्रदर्शन भरते. खेड्यापाड्यांतल्या शाळांची मुले आपापले प्रयोग घेऊन येतात. आम्ही नेमके त्या दिवशी पोचलो. एका तक्त्यापाशी मृग नक्षत्राचे चित्र होते आणि एक तरुण मुलगा मुलांना समजावत होता. त्याने तिकांड्याखालच्या त्याच धुरकट ठिपक्यावर बोट ठेवले आणि म्हणाला, “हा तारा नाही. हा ढग आहे. इथे तारे जन्माला येतात.”

माझे पाय तिथेच थबकले. एकोणतीस वर्षांपूर्वी झोप यावी म्हणून मी जे उत्तर फेकले होते, ते शब्दशः खरे निघाले होते. आणि बाबांचे म्हणणेही खरे होते. तो ढगच होता, आणि तो हलत नव्हता. तो इतका दूर आहे, की माणसाच्या शंभर पिढ्यांनाही त्याचे हलणे नुसत्या डोळ्यांनी दिसायचे नाही. तिथून निघालेला उजेड आपल्यापर्यंत यायला सुमारे तेराशे वर्षे लागतात. बाबांनी खळ्यावरून पाहिला तो उजेड निघाला तेव्हा आपल्याकडे चालुक्यांचे राज्य होते.

त्यानंतर मी मिळेल ते वाचत गेलो. त्यातले जे आपल्या कामाचे वाटले ते सांगतो.

दोन ताऱ्यांच्या मधली जागा अगदी रिकामी नसते. तिथे विरळ वायू असतो, मुख्यतः हायड्रोजन, आणि त्यात काजळीसारखी, वाळूसारखी अतिशय बारीक धूळ. पाऊस माळावर पसरावा तसा हा वायू आधी सगळीकडे पसरलेला असतो, एकेका सुट्या अणूच्या रूपात. माळावरच्या पाण्यात भात लागत नाही. बांध घालून पाणी खाचरात साठवावे लागते. आभाळातही तसेच आहे. वायू कुठेतरी गोळा होतो, दाट होतो आणि थंड होतो. मग धुळीच्या कणांवर हायड्रोजनचे दोन दोन अणू जोडीने चिकटतात. ही जोडी म्हणजे रेणू. अशा रेणूंच्या ढगातच तारे जन्मतात, सुट्या अणूंच्या विरळ वायूत नाही.

म्हणून या ढगाला मी राब म्हणतो. आपण सगळ्या शेतात भात फेकत नाही. एका तुकड्यात राब भाजतो, तिथे दाट पेरतो, आवण तयार झाले की लावणी करतो. ताऱ्यांचेही आधी दाट आवण होते, मग ते पांगते. मृगातल्या त्या ठिपक्यात दोन हजारांहून अधिक कोवळे तारे एकत्र आहेत. त्यांतल्या तापट ताऱ्यांच्या उजेडाने ढगाचा काठ पेटल्यासारखा चमकतो. तेवढाच भाग आपल्याला दिसतो. त्याच्या मागचा काळोखा ढग खूप मोठा आहे. त्यात लाखभर सूर्य घडतील एवढे द्रव्य आहे. कृत्तिकांचा घोस म्हणजे पुढची पायरी. त्या ताऱ्यांना जन्मून सुमारे दहा कोटी वर्षे झाली, त्यांचा मूळचा ढग केव्हाच विरून गेला. म्हणजे मृगात राब आणि कृत्तिकेत लावणी झालेले शेत, अशा दोन्ही गोष्टी एकाच रात्री डोक्यावर दिसतात.

एक गोष्ट आपल्या अनुभवाच्या उलट आहे. आपल्याकडे बी उगवायला ऊब लागते, तिथे थंडी लागते. त्या ढगाच्या पोटात शून्याखाली सुमारे २६० अंश इतका गारठा असतो. वायू गरम असला की तो फुगतो, बाहेर ढकलतो. गार पडला की त्याचा जोर ओसरतो. मग ढगाचे स्वतःचेच वजन त्याला आत ओढते आणि गोळा घट्ट होत होत पेटतो. तोच तारा. आसपासच्या ताऱ्यांचा प्रखर उजेड आत येऊ नये म्हणून धूळ आडोसा करते, रोपवाटिकेवर आपण जाळी टाकतो तशी.

आता तुम्ही विचाराल, इतका थंड आणि काळा ढग दिसतो कसा? हायड्रोजनची जोडी त्या थंडीत गप्प असते, तिची काही खूण बाहेर येत नाही. पण तिच्याबरोबर थोडा कार्बन मोनॉक्साइड असतो. बंद खोलीत कोळशाची शेगडी ठेवली की माणसे दगावतात, तोच हा विषारी वायू. तिथे मात्र तो उपयोगाचा. तो सुमारे २.६ मिलिमीटर लांबीची रेडिओ लहर सोडतो. १९७० साली मृगातल्या ढगातून ही लहर पहिल्यांदा पकडली गेली, आणि काळे ढग मोजता येऊ लागले. अडचण अशी, की हवेतला ओलावा ही लहर गिळतो. आपल्या खालापूर-कर्जतच्या दमट हवेत ते काम व्हायचे नाही. म्हणून दक्षिण अमेरिकेत चिली देशाच्या अटाकामा वाळवंटात, ५,००० मीटर उंचीवर ६६ तबकड्यांची दुर्बीण उभी केली आहे. खोडदची दुर्बीण लांब लहरींची आहे. तिला सुट्या अणूंचा हायड्रोजन दिसतो, ज्याची लहर २१ सेंटीमीटर लांब असते. म्हणजे खोडदला माळावरचे पाणी मोजतात आणि चिलीत खाचरातले.

आपली आकाशगंगा म्हणजे अब्जावधी ताऱ्यांचे एक गाव. अशी गावे असंख्य आहेत, त्यांना दीर्घिका म्हणतात. शेजारचे मोठे गाव देवयानी. तिचा उजेड आपल्याकडे यायला पंचवीस लाख वर्षे लागतात, तरी काळोख्या रात्री ती नुसत्या डोळ्यांना फिकट डागासारखी दिसते. देवयानीच्या मध्यभागी जुने तारे आहेत. नवे तारे बाहेरच्या एका कड्यात जन्मतात, कारण ढगही तिथेच जास्त आहेत. गावाच्या शिवारात सगळीकडे भात होत नाही, जिथे पाणी तिथेच खाचरे, त्यातलाच हा प्रकार.

चिलीच्या दुर्बिणीने अशा ९० जवळच्या दीर्घिकांतले ढग एकेक करून पाहिले. त्यातून जे कळले ते ऐकून शेतकऱ्याला नवल वाटेल. एक ढग साधारण एक ते तीन कोटी वर्षे टिकतो. तेवढ्या काळात त्याच्या शंभर भागांतले जेमतेम दोन-चार भाग ताऱ्यांत उतरतात. बाकीचा ढग फुटून जातो. त्याला फोडतात कोण? त्याच्याच पोटी जन्मलेले मोठे तारे. त्यांचा कडक उजेड, त्यांचा वारा आणि शेवटी त्यांचे स्फोट यांनी ढगाच्या चिंध्या होतात.

इतके कमी उत्पन्न! आपल्या एखाद्या गड्याने असा हिशेब दिला तर आपण त्याला कामावरून काढू. पण हा उधळलेला वायू वाया जात नाही. तो पुन्हा पसरतो, पुन्हा कधीतरी गोळा होतो, पुन्हा ढग होतो. मेलेले तारे आपल्या पोटात तयार झालेले पदार्थही त्यात टाकतात. तुमच्या रक्तातले लोह, हाडांतला कॅल्शियम, भाताला लागणारे जस्त हे सारे जुन्या ताऱ्यांनी मातीला दिलेले खत आहे. काड आणि शेण पुन्हा शेतात जाते, तसेच हे.

घाई करणाऱ्या दीर्घिकाही आहेत. सप्तर्षींच्या बाजूला एक आहे, सव्वा कोटी प्रकाशवर्षांच्या आसपास. शेजारच्या मोठ्या दीर्घिकेच्या ओढाताणीने तिच्या मध्यभागी वायू कोंबला गेला, आणि तिथे आपल्या आकाशगंगेच्या कितीतरी पट वेगाने तारे जन्मत आहेत. पण त्यांच्या स्फोटांनी तिचा वायू वर-खाली फवाऱ्यासारखा बाहेर उडतो आहे. युरिया वाजवीपेक्षा जास्त टाकला की भात काळाभोर होतो, बघणारा खूश होतो, आणि एका वाऱ्यात सगळे आडवे पडते. तुम्ही पाहिले आहे, मीही पाहिले आहे.

दुसरीकडे कन्या राशीच्या दिशेला दीर्घिकांचा मोठा जमाव आहे. त्या जमावातल्या तापलेल्या वायूतून धावताना काही दीर्घिकांचा बाहेरचा वायू खरवडून मागे राहतो. जमिनीची धूप होते ती अशीच. आधी वरचा सुपीक थर जातो, मग पीक हळूहळू बंद पडते.

आता मुख्य प्रश्न. जवळच्या दीर्घिकांत आज जेवढा ढग आहे आणि ज्या वेगाने तारे होत आहेत, तो हिशेब मांडला तर कणगी सुमारे दोनशे कोटी वर्षांत रिकामी होईल. आपल्याला ही मुदत मोठी वाटते. पण या दीर्घिका हजार कोटी वर्षांपासून तारे पिकवत आहेत. म्हणजे बाहेरून नवा वायू येत राहिला म्हणूनच त्या टिकल्या.

आपल्या पाताळगंगेकडे बघा. चैत्र-वैशाखात बाकीचे ओढे कोरडे पडतात, पण ती वाहते. कारण खोपोलीला १९१५ साली टाटांचे वीजघर सुरू झाले. घाटमाथ्यावरच्या तळ्यांचे पाणी नळांतून खाली येते, वीज करते आणि पुढे पाताळगंगेत जाते. वरून येणे चालू आहे तोवर नदी आहे. आकाशगंगेचेही तसेच आहे.

हे येणे बंद पडले तर काय होते, ते खोडदच्या दुर्बिणीने दाखवले. २०२० च्या ऑक्टोबरात पुणे आणि बंगळूरच्या शास्त्रज्ञांनी ते प्रसिद्ध केले. त्यांनी साडेसात हजारांहून अधिक फार दूरच्या दीर्घिकांच्या क्षीण लहरी एकत्र मिळवल्या. एकेकीची लहर ऐकू येण्यासारखी नव्हती, पण भजनात सगळ्यांनी मिळून सूर धरावा तशी ती उमटली. त्या लहरी आठशे कोटी वर्षांपूर्वी निघालेल्या. त्या काळच्या दीर्घिकांजवळ सुटा वायू भरपूर होता, पण त्या इतक्या वेगाने तारे करत होत्या, की तो साठा शंभर ते दोनशे कोटी वर्षेच पुरला असता. नवा वायू त्या वेगाने आला नाही. म्हणून त्यानंतर सगळ्या विश्वात तारे जन्मण्याचा वेग घटत गेला. आपल्या आकाशगंगेत आता वर्षाला एक-दोन सूर्यांएवढ्या द्रव्याचेच तारे होतात.

बातमी वाचली तेव्हा मी कचेरीत होतो. समोर मातीपरीक्षणाचे कागद होते. सेंद्रिय कर्ब कमी, असा शेरा किती कागदांवर लिहिला असेल त्याची गणती नाही. काढत राहायचे आणि परत घालायचे नाही, हे आभाळालासुद्धा परवडलेले नाही, मग आपल्या दोन एकरांना कसे परवडेल?

हे मी तुम्हाला सांगतो आहे खरा, पण माझे हात स्वच्छ नाहीत. बाबा गेल्यावर तीन वर्षांनी आम्ही भावांनी ती चार खाचरे विकली. भाव चांगला आला होता, भावाच्या घरचे आजारपण होते, आणि मी नोकरीवर, कसणार कोण? सगळी कारणे खरी होती. मीही सही केली. दिवसा शेतकऱ्यांना जमीन राखा म्हणून सांगणारा मी संध्याकाळी सही करून आलो. आज तिथे प्लॉट पडले आहेत. खळे होते तिथे खांबावर मोठा दिवा आहे. गेल्या मार्गशीर्षात मी मुद्दाम रात्री जाऊन उभा राहिलो. तिकांडं दिसले. त्याच्या खालचा ढग दिसला नाही. तो जागचा हललेला नव्हता, पण आमच्या दिव्याने तो झाकला होता.

वडिलांना देणे असलेले उत्तर आता त्यांना देता येत नाही, म्हणून ते तुम्हाला देतो आहे. तुमच्या वाडीवर अजून काळोख असेल तर एवढे करा. अमावास्येच्या आसपासची रात्र निवडा. कार्तिकात रात्री नऊच्या सुमारास उत्तरेकडे उंचावर देवयानीचा फिकट डाग शोधा. संक्रांतीच्या दिवसांत रात्री दहाला मृग जवळजवळ डोक्यावर, किंचित दक्षिणेला असतो. तिकांड्याच्या खालची बारीक ओळ पाहा, मधला ठिपका धुरकट दिसेल. दहा-पंधरा मिनिटे दिव्याकडे, मोबाईलकडे बघू नका, डोळे काळोखाला सरावू द्या. आणि ७-८ जूनला मृग निघतो म्हणतात तेव्हा तो आभाळात का दिसत नाही, हेही मुलांना सांगा. त्या दिवसांत सूर्यच त्या नक्षत्रात असतो, म्हणून त्याच्या उजेडात मृग लपतो. आपल्या वाडवडिलांनी हे पाहून पाहून ठरवले होते. त्यांच्या पेरणीच्या आडाख्याला हवामानाचा अंदाज जोडून घ्या, पण त्यांच्या नजरेला हसू नका. मी हसलो होतो.

आणि जाता जाता खात्यातल्या माणसाने जे सांगायचे तेही सांगतो. यंदा झोडणीनंतर सगळा पेंढा विकू नका. निदान चौथा भाग खतात जाऊ द्या, बांधावर गिरिपुष्प लावा, त्याचा पाला चिखळणीच्या वेळी गाडा. घरातला म्हातारा किंवा म्हातारी काही विचारील, तर वर बघून उत्तर द्या. कळावे.